शेजारच्या ओट्यावरचा चहा

बाजाराच्या दिवशी दुपारी माझे बाबा तिगाववरून पांढुर्ण्याला येतात, आमच्या घरी बसतात, पण काही घेत नाहीत. चहा नाही, पोहे नाहीत, पाणीसुद्धा नाही. धाकट्या भावाच्या गाडीवर मागे बसून येतात. खांद्याला पिशवी असते. पिशवीत आमच्यासाठी शेतातलं काही ना काही असतंच, संत्री, तुरीच्या शेंगा, नाहीतर सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी. आणि स्वतःसाठी पाण्याची बाटली असते, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. तहान लागली की बाबा तोंड जरा भिंतीकडे करतात आणि त्या बाटलीतलं कोमट पाणी पितात. दोन हातांवर आमचा माठ गार पाण्याने भरलेला असतो.

लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हा माझ्या माहेरचा जुना नियम. मुलगी दिली की तिच्या घरी द्यायचं, तिथलं घ्यायचं नाही. आता पुष्कळांनी तो सोडला आहे. लेकीला लेकरू झालं की चालतं, असंही म्हणतात. माझ्या मुलीच्या बारशाला मला वाटलं होतं की आज बाबा घेतील. माझ्या मोठ्या काकांनी त्यांच्या हातात पेढा दिला. बाबांनी तो कपाळाला लावून पाळण्याजवळ ठेवून दिला.

काका म्हणाले, "आता त लेकरू झालं ना बापा. आता कायले अडून बसला?"

बाबा म्हणाले, "लेकरू झालं म्हणून हे माझ्या पोरीचं घर राहिलं नाही का?"

मग कोणीतरी सुचवलं की लेकीच्या हातावर रुपया ठेवावा आणि मग प्यावं, तिकडे छिंदवाड्याकडे असं करतात. ते ऐकून माझ्या सासूबाईंनी पदर सावरला. "माझं घर म्हणजे काय बस स्टँडवरची कॅन्टीन हाय?"

सासूबाईंचं दुखणं वेगळं होतं. त्यांच्या घरून पाहुणा कोरड्या तोंडाने गेला, असं कधी झालं नव्हतं. आमच्या गल्लीत त्यांच्या आग्रहाची धास्ती असे. पाहुण्याने पहिल्यांदा नको म्हटलं तर त्यांना ते ऐकूच येत नसे. दुसऱ्यांदा म्हटलं तर त्या मला हाक मारून दूध वाढवायला सांगत. तिसऱ्यांदा म्हटलं तर पाहुण्याची तब्येत बरी नाही असं ठरवून आल्याचा काढा येई, आणि काढ्याबरोबर पोहे. शुगरची माणसं आमच्या दारावरून जाताना पावलं उचलून चालतात, असं आमचे हे म्हणतात. अशा बाईला व्याही असा मिळाला की जो पाण्यालाही हात लावत नाही.

दर बाजाराच्या दिवशी हेच बोलणं होत असे. सासूबाई बाबांना इवाई म्हणतात. आमच्याकडे व्याह्याला तसंच म्हणतात.

"इवाई, चहा ठेवू का?"

"नाही इहीनबाई. आत्ताच घेतला."

"कुठं घेतला?"

"स्टेशनवर."

"गाडीवर बसून आले, आन चहा स्टेशनवर घेतला?"

"भावना तुमची पोचली, इहीनबाई. बसा तुम्ही."

मी आतल्या दाराशी उभी असायची. मी फार बोलत नाही. चौथीनंतर शाळा सुटली, शेत आणि घर एवढंच राहिलं, आणि चार माणसांत तोंड उघडायची सवय काही लागली नाही. पाहुण्यांना घ्या ना, घ्या ना म्हणणं मला आजही जमत नाही. मी आपली बशीत थोडं जास्तच वाढून आणते, तोच माझा आग्रह. पण बाबांच्या बाबतीत तेही चालत नव्हतं. भरली बशी घेऊन तरी किती वेळ उभं राहणार? बाबांनी माझ्या हातचा चहा माझ्या समोर प्यावा, एवढंच मला वाटायचं. दुसरं काही मागणं नव्हतं.

मग एका बाजाराच्या दिवशी शेजारच्या काकूंनी भिंतीवरून हाक मारली. काकूंचे यजमान शाळेत मास्तर होते, रिटायर झाले. त्यांचं आणि आमचं अंगण शेजारी, मध्ये छातीएवढी भिंत. काकू म्हणाल्या, "दादा, लेकीच्या घरी चालत नाही त आमच्या घरी या. मी काही तुमची लेक नाही."

सासूबाई तेव्हा बाजारात गेल्या होत्या. बाबांनी थोडा विचार केला. नियमात शेजारणीबद्दल काही नव्हतं. ते चपला घालून बाहेर गेले, वळसा घेऊन काकूंच्या ओट्यावर बसले.

काकूंनी आत जाऊन पातेलं काढलं आणि लगेच मागच्या दाराने भिंतीपाशी आल्या. "अवो, माझं दूध नासलं. तुझ्याकडं हाय का?"

मी म्हटलं, दूध काय देते, चहाच करून देते. गॅसवर ठेवला, आलं ठेचून टाकलं, उकळी दोनदा वर येऊ दिली आणि कप भिंतीवरून काकूंकडे दिले. काकूंनी ते पुढे नेले. मी भिंतीच्या अलीकडे, तुळशीच्या कुंडीपाशी वाकून उभी राहिले. बशीत चहा ओतल्याचा आवाज आला. मग बाबांनी घेतलेला पहिला घोट ऐकू आला. बाबा चहा आवाज करून पितात.

"बाई," बाबा म्हणाले, "चहा असावा त असा. आमच्या पोरीले शिकवा जरा."

काकूंना हसू आवरेना. मला मात्र काय वाटलं ते सांगता येत नाही. कौतुक तर झालं होतं, पण ते झालं काकूंचं.

पुढच्या बाजाराला काकूंचं दूध नासलं नव्हतं, तरी त्या भिंतीशी आल्या. आमच्या कपांना सोनेरी काठ आहे, तो बाबा ओळखतील म्हणून त्यांनी सकाळीच आपले निळ्या फुलांचे कप भिंतीवरून माझ्याकडे दिले. मग ते ठरूनच गेलं. सासूबाई पिशवी घेऊन बाजारात गेल्या की काकू बाबांना हाक मारायच्या. त्यांना ओट्यावर बसवून आत जायच्या आणि रिकाम्या पातेल्यात सांडशी वाजवायच्या. कधी डबा उघडून झाकण आपटायच्या. एकदा तर बाबांना ऐकू जाईल अशा बेताने ओरडल्या, "बाई, उतू गेलं वाटते." इकडे माझा चहा बारीक गॅसवर गपगार होता. पुढे पुढे चहाबरोबर सांबारवडीही जायला लागली. बाबांना सांबारवडी फार आवडते, आणि सांबार त्यांच्याच शेतातला. काकूंना स्वतःला तळणाचं काही खाऊ नको म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय, पण त्या म्हणायच्या, "पाहुण्याले सोबत म्हणून एक खावं लागते."

असं कितीतरी महिने चाललं. माझं अर्धं मागणं पुरं झालं होतं. बाबा माझ्या हातचा चहा पीत होते. फक्त मी भिंतीमागे होते.

एक दिवस सासूबाई घाईत पैशांचं पाकीट घरी विसरल्या आणि अर्ध्या वाटेवरून परत आल्या. गल्लीच्या तोंडाशीच त्यांना दिसलं की आपले इवाई मास्तरांच्या ओट्यावर मांडी घालून बसले आहेत. हातात बशी आहे, समोर ताटलीत वड्या आहेत, आणि ते काकूंना सांगत आहेत, "नाही बाई, पुरे. बरं, अर्धी द्या."

सासूबाई घरात आल्या. पाकीट घेतलं नाही. झोपाळ्यावर बसल्या आणि माझ्याकडे पाणी मागितलं. पाणी पिऊन म्हणाल्या, "आमच्या घरचं कडू हाय."

मी खाली सांडलेलं पाणी पुसायला घेतलं.

"मास्तरणीच्या घरचं गोड हाय."

मी पेला उचलून आत गेले. सांगणार काय? चहा आपलाच आहे असं सांगितलं असतं तर माझ्या माघारी का केलं, हा त्यांचा पहिला प्रश्न. त्यालाही मी कसंतरी तोंड दिलं असतं. पण सासूबाईंच्या पोटात गोष्ट राहत नाही. पुढच्या बाजाराला त्यांनी बाबांना समोर बसवून सगळं सांगितलं असतं. मग लेकीच्या घरचंच पीत होतो हे कळून बाबांनी तो ओटाही सोडला असता. नाही सांगितलं तर सासूबाई रुसलेल्या, सांगितलं तर बाबांचा चहा बंद. आमच्या ह्यांना विचारलं तर ते म्हणाले, "तुमचं चहाचं प्रकरण हाय, मी दुकान पाहतो."

त्या दिवसानंतर सासूबाईंनी बाबांना चहा विचारणं बंद केलं. बसा म्हणायच्या, एवढंच. बाबांनाही ते जाणवलं. न विचारलेल्या चहाला नाही तरी कसं म्हणायचं? बाबा आमच्या ओट्यावर दहा मिनिटं बसायचे, नातीच्या डोक्यावरून हात फिरवायचे आणि उठायचे. काकूंनी हाक मारली तर म्हणायचे, "आज घाई हाय, बाई." मला भीती वाटायला लागली की अशाने ते यायचेच बंद होतील.

त्यातच माझ्या धाकट्या भावाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. मुलगी सौसरकडची. घरचाच कार्यक्रम, तिगावला आमच्या अंगणात मांडव. आम्ही सगळे गेलो. सासूबाई नवीन लुगड्यात, जशा काही त्याच नवरदेवाच्या आई. बाबांनी त्यांना पुढे जाऊन घेतलं, मांडवातली सगळ्यात चांगली खुर्ची दिली. माझी आई स्वतः तांब्या-पेला घेऊन आली.

सासूबाईंनी पेल्यावर हात ठेवला. "नाही इहीनबाई. आत्ताच घेतलं."

आई म्हणाली, "कुठं घेतलं?"

"स्टेशनवर."

आईला काही कळलं नाही, पण बाबांना कळलं. ते खांबाशी उभे होते, तसेच उभे राहिले. चहा आला, सासूबाईंनी बशी परत केली. सरबत आलं, तेही परत गेलं. मुलीला कुंकू लागलं, ओटी भरली, पेढे वाटले. सासूबाईंनी पेढा कपाळाला लावून बाजूला ठेवला. मला वाटलं, ही बारशाचीच परतफेड आहे.

मग पंगत बसायची वेळ झाली. आमच्याकडे लेकीच्या सासरची माणसं पहिल्या पंगतीला बसतात. त्यांनी पहिला घास घेतला की बाकीचे जेवतात. पानं मांडली, पाटोडीचा रस्सा वाढला, वांग्याची भाजी, पोळी, बुंदी. सासूबाई खुर्चीवरच. "मी बसते इथंच. वारा चांगला येऊन राहिला. तुम्ही जेवा."

सौसरचे नवे सोयरे एकमेकांकडे पाहायला लागले. ज्या घरी आपण मुलगी देऊन राहिलो, त्या घरचं पाणी त्यांची जुनी विहीणच पीत नाही, म्हणजे काहीतरी असलंच पाहिजे. मुलीच्या मामांनी तर भावाला हळूच विचारलं, "काही जुनं भांडण हाय का?" भावाचा चेहरा उतरला.

आईने मला चुलीपाशी गाठलं. हातात पळी तशीच. "तुही सासू जेवली नाही त हे लोक उठून जातीन. जाय, तू सांग तिले."

"मी काय सांगू?"

"काहीबी सांग. तोंड हाय ना तुले."

मी ताट वाढून बाहेर आणलं. बाबा तोवर सासूबाईंसमोर हात जोडून उभे होते.

"इहीनबाई, काही चुकलं का आमचं?"

"तुमचं काही नाही चुकलं, इवाई. तुमाले आमच्या घरचा घोट चालत नाही, मले तुमच्या घरचा चालत नाही. बरोबरी झाली."

"माझं वेगळं हाय. माझ्या पोरीचं घर हाय ते."

"हो ना. म्हणून मास्तरणीच्या ओट्यावर जाऊन सांबारवडी खाऊन राहिले होते. मी पाह्यलं. अर्धी द्या म्हणून मागत होते."

बाबांनी जोडलेले हात सोडले नाहीत, पण मान खाली घातली. रस्सा ताटाच्या काठाशी येऊन हलत होता. मी बोलले, पण आवाज किती निघाला ते मला माहीत नाही.

"मामीजी," मी सासूबाईंना म्हटलं, "तो चहा आपलाच होता."

"कोणाचा?"

"आपला. मी करत होती. काकूच्या घरी फक्त ओटा होता. सांबारवडीबी आपल्याच घरची. दूध आपलं, साखर आपली, गॅस आपला. भिंतीवरून देत होती मी."

एवढं लांब मी लग्नानंतर माणसांसमोर कधी बोलले नव्हते. मी बाबांकडे पाहिलं. आता ते काय करतील? भर मांडवात लेकीने सांगितलं की तुमचा नियम मीच मोडला. मला वाटलं, माझ्या घरची त्यांची वाट आज बंद झाली.

बाबा खाली पाहतच म्हणाले, "मले माहीत होतं."

"काय माहीत होतं?" सासूबाईंनी विचारलं.

"हेच. लगन होयेपर्यंत रोज हिच्याच हातचा पेलो मी. जीभ काय इसरते? आन त्या मास्तरीणबाई आत भांडे आपटत होत्या, पण त्यांच्या घरातून वाफेचा वास त येत नव्हता. वास येत होता भिंतीकडून."

"पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"पहिल्या घोटापासून."

सासूबाई खुर्चीवरून उठल्या. "म्हणजे माझ्याच घरचा चहा पिऊन तुम्ही त्या मास्तरणीची तारीफ करत होते?"

"मग कोणाची करू, इहीनबाई? तुमची केली असती त नियम मोडला असता."

पहिल्यांदा सौसरचे मामा हसले. मग पंगतीत बसलेले सगळेच हसले. आई चुलीपाशी पदर तोंडाला लावून उभी होती. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या हातातलं ताट घेतलं, जाऊन पानापाशी बसल्या आणि बाबांना म्हणाल्या, "आता वाढा. तुम्ही स्वतः वाढा. आन मी नाही म्हणणार नाही."

बाबांनी वाढलं. सासूबाईंनी खरोखरच नाही म्हटलं नाही. बुंदी दोनदा घेतली, पोळी आली तशी घेतली, पाटोडी मागून घेतली. शेवटी बाबाच म्हणाले, "इहीनबाई, सोयऱ्यांसाठी राहू द्या थोडं." परत येताना गाडीत सासूबाईंना ढेकर आवरेना. तरी म्हणाल्या, "रश्श्यात तिखट कमी होतं. पण मी काही बोलली नाही. माझ्यात त्यांच्याएवढा हट्ट नाही."

पुढचा बाजाराचा दिवस आला. मला वाटलं, आता सगळं उघड झालं, तर बाबा आमच्याच ओट्यावर चहा घेतील. बाबा आले, बसले, बाटली काढली आणि भिंतीकडे तोंड करून पाणी प्यायले. त्यांचं म्हणणं असं की माहीत असणं वेगळं आणि घरात बसून पिणं वेगळं. सासूबाई बाजारात गेल्याच नाहीत. बाबांचं पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी भिंतीकडे पाहून आवाज दिला, "मास्तरीणबाई, तुमचा पाहुणा येऊन राहिला."

बाबा चपला घालून निघाले. सासूबाईही निघाल्या, हातात सांबारवडीचा डबा. काकूंनी आत जाऊन सवयीने पातेलं वाजवायला घेतलं, तर सासूबाई म्हणाल्या, "अवो, राहू द्या आता. कोणाले ऐकवून राहिल्या?" काकूंना जरा वाईटच वाटलं असावं. त्या दिवशी त्यांनी नुसती सांडशी एकदा आपटली आणि बाहेर येऊन बसल्या.

मी चहा केला. भिंतीपाशी गेले, कप घ्यायला पलीकडे कोणी नव्हतं. तिघंही पुढच्या ओट्यावर बसले होते. म्हणून मग ट्रेमध्ये कप आणि किटली घेऊन मी गल्लीतून वळसा घातला आणि काकूंच्या ओट्यावर चढले. लग्नानंतर पहिल्यांदाच मी माझ्या घरचा चहा बाबांच्या समोर ठेवत होते. थोडा बशीत सांडला. बाबांनी कप उचलला, सांडलेला आधी प्यायले, मग बशीत ओतून आवाज करत प्यायले.

सासूबाई म्हणाल्या, "इवाई, अजून घ्या."

"नाही, पुरे." बाबांनी कपावर हात ठेवला.

सासूबाईंनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. माझ्याकडे पाहिलं. मला कळलं की हे आता मला करायचं आहे. मी किटली पुढे केली, पण तोंडातून घ्या ना काही निघालं नाही. नुसती किटली धरून उभी राहिले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि कपावरचा हात काढला. मी ओतलं.

"तू घेतला का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "नको."

बाबांनी काकूंकडून एक रिकामी बशी मागून घेतली आणि आपल्या कपातला अर्धा चहा तिच्यात ओतला. "घे," म्हणाले. मी पुन्हा नको म्हटलं. त्यांनी ते ऐकलंच नाही, सासूबाईंसारखं. बशी माझ्या हातात दिली आणि सरकून ओट्यावर जागा केली.